मासिक काढावयास काय लागतें ?

गेल्या कार्तिकांत कांहीं कामानिमित्त आमचें मुरबाड तालुक्यांत जाणें झालें, व तेथून पुढें धसई येथें दोन दिवस मुक्काम पडला. धसई हें सह्याद्रीच्या पायथ्याकडील बाजाराचें गांव. आसपासच्या वाड्यापाड्यांतील लोक मीठमिरचीपासून कापडचोपडापर्यंत सर्व जिनसांकरितां येथेंच येतात. त्यामुळें वस्तीच्या मानानें दुकानें अधिक, व दुकानांच्या मानानें बातम्या त्याहूनहि अधिक, असा येथला प्रकार आहे. दुसऱ्या दिवशीं रात्रीं जेवणें आटोपल्यावर एक तरुण शिक्षक आमच्या बिऱ्हाडीं आले. काखेंत एक जाड वही होती. या तालुक्याची बोली, येथील ठाकर-कातकऱ्यांच्या गोष्टी, जुन्या घरांतून पडून राहिलेले मोडी कागद, भातखाचरांतले अनुभव, यांस वाहिलेलें एक त्रैमासिक काढण्याचा त्यांचा बेत होता, आणि वहींत त्याचें अंदाजपत्रक होतें. "आपण या धंद्यांत केस पांढरे केले आहेत, एवढें एकदां नजरेखालून घालावें," असें म्हणून त्यांनीं वही पुढें ठेविली.

अंदाजपत्रक मोठें व्यवस्थित होतें. खर्चाच्या बाजूस कागद, छपाई, मुखपृष्ठाचें चित्र, बांधणी, टपाल, नोंदणीचीं कामें, इतकेंच नव्हे तर पहिल्या अंकाच्या समारंभाचा चहा व नारळ हींहि कलमें होतीं. जमेच्या बाजूस एकच ओळ होती : वर्गणीदार तीनशें. आम्हीं विचारलें, "तीनशेंच कां?" उत्तर आलें, "तेवढे तर ओळखीचेच आहेत." हा आंकडा ऐकून आम्हांस किंचित् हंसूं आलें; कारण मराठींतील पहिल्या वृत्तपत्राचे वर्गणीदारहि तीनशेंच्याच आसपास होते. दोनशें वर्षें होत आलीं, पण मराठी संपादकाच्या मनांतला वाचक कांहीं वाढलेला नाहीं!

त्या वहींत दोन कलमें मात्र नव्हतीं. एक, संपादक जें रात्रंदिवस राबणार त्या राबण्याचें मोल. आणि दुसरें, कबूल झालेली पण हातीं न येणारी वर्गणी. त्या रात्रीं त्यांस जें सांगितलें तेंच थोडें विस्तारानें येथें लिहीत आहों. आमच्या वृत्तपत्रांचा व मासिकांचा इतिहास लिहिणारे मतें, वाद, खटले यांविषयीं भरपूर लिहितात. पण त्या पत्राचा कागद कोणाच्या पैशानें आला, आणि संपादकाच्या घरीं चूल कशावर पेटली, हें क्वचितच विचारतात. वस्तुतः पुष्कळ पत्रांचें आयुष्य त्यांच्या मतांनीं ठरलें नसून याच दोन प्रश्नांनीं ठरलें आहे.

बाळशास्त्री जांभेकर यांचें 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईंत निघालें. प्रथम तें पाक्षिक होतें, व त्याच वर्षीं मे महिन्यांत साप्ताहिक झालें. त्या वेळीं बाळशास्त्र्यांचें वय विशीच्या घरांत होतें. पत्राच्या एका रकान्यांत इंग्रजी व शेजारच्या रकान्यांत मराठी अशी त्याची रचना असे. या रचनेची वाचकांस सोय झाली खरी, पण छापखान्याच्या हिशेबानें पाहिलें तर प्रत्येक मजकूर दोनदां लिहावयाचा, दोनदां जुळवावयाचा आणि दोनदां तपासावयाचा. म्हणजे पान एक आणि मेहनत दोन पानांची. हें सर्व करणाऱ्या तरुण विद्वानाचा चरितार्थ पत्रावर नव्हता. ते बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या नोकरींत होते, व १८३४ पासून एल्फिन्स्टन संस्थेंत अध्यापक झाले. 'दर्पण' जून १८४० पर्यंत, म्हणजे साडेआठ वर्षें चाललें. तीं साडेआठ वर्षें शिक्षणखात्याच्या पगारानें वृत्तपत्र पोसलें असें म्हटलें तर फारसें चुकणार नाहीं. मात्र तें पोसणें कोणत्याहि जमाखर्चांत नमूद नाहीं. मराठी पत्रव्यवसायाचा पाया अशा रीतीनें न लिहिलेल्या कलमावर घातला गेला, आणि पुढें कित्येक पिढ्या तोच कित्ता गिरविला गेला. भाऊ महाजनांच्या 'प्रभाकरां'त १८४८ पासून लोकहितवादींचीं शतपत्रें प्रसिद्ध होऊं लागलीं, तीं लिहिणारा गृहस्थहि सरकारी नोकर होता. संपादक पदरमोड करणार व लेखक फुकट लिहिणार, हें जणूं ठरूनच गेलें.

यावर कोणी म्हणेल कीं संपादकाचें काम फुकट धरलें तर उरलें काय? फक्त छपाई. पण त्या काळीं ही 'फक्त छपाई' काय होती तें पाहावें. इंग्रजीची छपाई थोडक्या खिळ्यांवर भागते. नागरीस काना, मात्रा, वेलांट्या, रफार, जोडाक्षरें यांमुळें त्याच्या कित्येक पट निराळे खिळे लागतात. तितक्या खणांच्या पेट्या लागतात. आणि कोणतें अक्षर कोणत्या खणांत हें हातास पाठ असलेला जुळारी लागतो. म्हणून आरंभीं शिळाछापावर पुष्कळ कामें झालीं. गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ सालीं मराठी पंचांग छापलें तें शिळेवरच. शिळेस खिळे नकोत. सुवाच्य अक्षराचा एक लेखक व एक चांगला दगड पुरे. भांडवल थोडें, पण दगड थोड्याच प्रती चांगल्या देतो, व प्रत्येक मजकूर पुन्हा हातानें लिहावाच लागतो. तेव्हां थोडक्यांत आरंभ करावयाचा तर शिळाछाप, आणि टिकून राहावयाचें तर खिळे, अशी निवड होती. पुढें जावजी दादाजी यांनीं १८६४ सालीं खिळे ओतण्याचा कारखाना व १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढला, तेव्हां सुबक नागरी खिळे इकडे सहज मिळूं लागले, व मासिक काढूं इच्छिणाऱ्यांची एक मोठी अडचण दूर झाली.

निर्णयसागराचें नांव निघालें म्हणून येथेंच सांगतों. विनायक कोंडदेव ओक यांचें 'बालबोध' मासिक १८८१ पासून १९१४ पर्यंत, म्हणजे ओकांच्या मृत्यूपर्यंत, अखंड चाललें. मुलांचें मासिक तेहतीस वर्षें चालावें हा चमत्कार नव्हे. त्यामागें साधा व्यवहार आहे. लिहिण्याचें ओझें ओकांनीं उचललें, आणि छापण्या-विकण्याचें निर्णयसागरानें उचललें. ज्याला लिहितां येतें त्यानें खिळ्यांच्या पेट्या मोजीत बसावें, व ज्याला पेट्या मोजतां येतात त्यानें अग्रलेख लिहावे, अशी उलटापालट तेथें झाली नाहीं. आमच्या मतें मराठी मासिकांच्या इतिहासांतील हा अत्यंत शहाणपणाचा करार होय, व त्याची जितकी कीर्ति व्हावयास पाहिजे होती तितकी झालेली नाहीं.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांचा मार्ग याच्या अगदीं उलट. 'निबंधमाला' १८७४ च्या जानेवारींत सुरू झाली, तिचे ८४ अंक निघाले, व ते बहुतेक सर्व एका हातचे. शास्त्रीबोवा तेव्हां सरकारी शाळेंत शिक्षक होते; ती नोकरी त्यांनीं १८७९ मध्यें सोडली. पुढें 'केसरी' व 'मराठा' काढावयाचें ठरलें, तेव्हां केशव बल्लाळ साठे यांचा छापखाना हप्त्यांनीं पैसे फेडण्याच्या बोलीवर घेण्यांत आला, व शास्त्रीबोवा, टिळक, आगरकर या मंडळींनीं खिळ्यांच्या पेट्या स्वतः वाहून मोरोबादादांच्या वाड्यांत आणल्या, ही गोष्ट सर्वश्रुतच आहे. ती सांगतांना व्याख्यात्यांचा कंठ दाटून येतो, व श्रोतेहि गहिंवरतात. आम्ही मात्र ती गोष्ट हिशेबनिसाच्या डोळ्यांनीं वाचतों. हमालीचे पैसे वांचले हें खरें. पण हप्ते राहिलेच. 'केसरी' ४ जानेवारी १८८१ रोजीं निघाला, आणि पुढील वर्षीं कोल्हापूरच्या बर्वे प्रकरणीं टिळक व आगरकर यांस चार महिन्यांची शिक्षा होऊन १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगांत काढावे लागले. पत्रावर कर्ज सांचत गेलें, आणि १८९१ मध्यें टिळक एकटे मालक झाले ते त्या कर्जासकट मालक झाले. आगरकरांनीं १८८८ च्या ऑक्टोबरांत 'सुधारक' काढला तो फर्ग्युसन महाविद्यालयाच्या तुटपुंज्या वेतनावर संसार करीत. या दोन थोर पुरुषांचा मतभेद मोठा होता, त्याविषयीं ग्रंथ झाले आहेत. पण दोघांच्याहि पत्रांस पहिली कित्येक वर्षें शाळा-महाविद्यालयाच्या पगाराचा टेंकू होता, या एका बाबतींत दोघांत मुळींच भेद नव्हता.

सरकारासहि पत्रें महाग करण्याची विद्या चांगली अवगत असते. इंग्लंडांत अॅडिसन व स्टील यांचें 'स्पेक्टेटर' १७११ च्या मार्चांत एका पेनीस विकूं लागलें. पुढील वर्षीं ऑगस्टांत पत्रांवर अर्ध्या पेनीची मुद्रा बसली, किंमत दुप्पट झाली, आणि डिसेंबरांत पत्र थांबलें. मुद्रेनेंच तें थांबलें असें आम्ही म्हणत नाहीं, पण खप पडला हें उघड आहे. इकडे मुद्रेऐवजीं जामीन आला. १८६७ च्या कायद्यानें मुद्रक-प्रकाशकांनीं मॅजिस्ट्रेटापुढें निवेदन केलें म्हणजे भागत असे; परंतु १९१० च्या मुद्रणविषयक कायद्यानें नव्या छापखान्याकडून पांचशेंपासून दोन हजार रुपयांपर्यंत जामीन मागतां येऊं लागला, आणि तो एकदां जप्त झाला कीं पुन्हा हजारापासून दहा हजारांपर्यंत. तो कायदा १९२२ मध्यें गेला, पण १९३१ मध्यें दुसरा आलाच. लहान पत्राच्या अंदाजपत्रकांत हें कलम पडलें म्हणजे बाकीचीं कलमें लिहिण्याची गरजच उरत नसे. दंड व तुरुंग यांचा हिशेब तर निराळाच. १९०८ सालीं 'काळ'कर्ते शिवराम महादेव परांजपे यांस एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली. त्याच वर्षीं टिळकांस सहा वर्षांच्या काळ्या पाण्याबरोबर हजार रुपये दंडहि झाला होता. सहा वर्षांपुढें त्या हजारांची आठवण कोणास राहणार?

आतां दुसऱ्या कलमाकडे, म्हणजे वर्गणीकडे, वळतों. १८५४ पूर्वीं टपालाचा आकार अंतरावर असे. त्या वर्षीं अर्ध्या आण्याचें तिकीट सर्व देशभर चालूं लागलें, व वजनावर हंशील ठरलें. अंक खेड्यापाड्यांत जाऊं लागला, पण पैसा परत कसा यावा? हुंडी पाठवावी तर रक्कम लहान. कोणा येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवावी तर तो कधीं येणार याचा नेम नाहीं. १८७७ मध्यें व्ही. पी. ची पद्धत निघाली व १८८० मध्यें टपालखात्यानें मनिऑर्डर सुरू केली. 'केसरी', 'बालबोध' हीं १८८१ चीं. हरि नारायण आपट्यांची 'करमणूक' १८९० ची. या दोन सोयी व हीं पत्रें एकापाठोपाठ आलीं यांत आम्हांस केवळ योगायोग दिसत नाहीं. मनिऑर्डर नसती तर नगर-खानदेशांतल्या वर्गणीदाराचा रुपया पुण्यास पोंचलाच नसता. आणि आपट्यांनीं 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी 'करमणुकीं'तून क्रमशः दिली, ती वाङ्मयाची सेवा होतीच. पण यमूचें पुढें काय झालें हें कळावें म्हणून पुष्कळांनीं पुढील वर्षाची वर्गणीहि भरली असेल, असा आमचा तर्क आहे.

सोय झाली म्हणून वर्गणी येतेच असें मात्र नाहीं. याचा अनुभव आम्हीं स्वतः घेतला आहे. चाळीस वर्षांपूर्वीं आम्ही चौघांनीं मिळून एक मासिक काढलें होतें. पहिल्या वर्षाअखेर पुढील वर्गणीकरितां व्ही. पी. पाठविल्या. पंधरा दिवसांनीं पोस्टमन दारांत एक पोतें ओतून गेला. प्रत्येक पाकिटावर शेरा होता : 'घेण्यास नाकारलें.' त्यांत आमच्या एका सख्ख्या मेहुण्याचेंहि पाकीट होतें. पाठविण्याचें टपाल आमचें गेलेंच होतें. मासिकाचे अंक लोकांस आवडत नव्हते असें नाहीं. लोक भेटले म्हणजे आवर्जून स्तुति करीत, मेहुणे सर्वांत अधिक. पण आवडणें आणि दाम मोजणें यांच्या मध्यें जो ओढा आहे तो टपालखात्यानें बांधलेल्या पुलावरून ओलांडतां येत नाहीं.

धसईसहि हें नवें सांगावयास नको. नोव्हेंबर २०१६ मध्यें पांचशें व हजाराच्या नोटा बाद झाल्या, आणि १ डिसेंबर २०१६ रोजीं याच गांवास राज्यांतील पहिलें रोकडरहित गांव म्हणून मान मिळाला. दुकानोदुकानीं पत्रक घांसून पैसे वळते करण्याचीं यंत्रें आलीं. वडापाववाल्यापासून किराण्यापर्यंत सर्वांची छायाचित्रें वृत्तपत्रांत झळकलीं. पुढें पुष्कळ यंत्रें बाजूस पडलीं व रोख व्यवहार परत आला, हेंहि वृत्तपत्रांनींच लिहिलें. आमच्या शिक्षकमित्रांनीं हीच आशा धरली होती कीं आतां वर्गणी घेण्यास पायपीट नको, एका बोटासरशीं पैसे येतील. त्यांस आम्हीं म्हटलें, "बोट त्यांचें आहे ना? मग तें उठेल तेव्हां खरें."

वर्गणीच्या भरंवशावर न राहतां ज्यांनीं पत्रें काढलीं त्यांच्या दोन जाती दिसतात. एकांमागें संस्था उभी असते. 'ज्ञानोदय' १८४२ पासून चाललें, त्यामागें अमेरिकन मिशन होतें. 'किर्लोस्कर खबर' १९२० मध्यें निघाली, तिच्यामागें नांगरांचा कारखाना होता. शंकरराव किर्लोस्करांनीं त्या कारखान्याच्या पत्रकाचें पुढें नांवाजलेलें मासिक केलें ही त्यांची कर्तबगारी. पण पहिल्या वर्षांचा तोटा सोसणारें कोणी होतें हेंहि तितकेंच खरें. १८९५ मध्यें 'मनोरंजन' काढणाऱ्या काशिनाथ रघुनाथ मित्रांनीं १९०९ सालीं दिवाळी अंक काढला, आणि वर्षाचा तोटा दिवाळीच्या जाहिरातींनीं भरून काढण्याची वाट पुढच्यांस सांपडली. ही वाट अजून बुजलेली नाहीं.

दुसरी जात त्यांची, कीं ज्यांच्यामागें कोणी नसतें, आणि ज्यांच्या वाचकांजवळ द्यावयास कांहीं नसतें. त्यांचें अंदाजपत्रक वाचतांना मात्र हंसूं येत नाहीं. डॉ. आंबेडकरांचें 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजीं निघालें. वार्षिक वर्गणी अडीच रुपये. त्यास शाहू महाराजांनीं अडीच हजार रुपयांचें साहाय्य केलें. आतां त्रैराशिक मांडावें : तें साहाय्य म्हणजे हजार वर्गणीदारांची पुऱ्या वर्षाची वर्गणी. ज्या समाजांत अक्षरओळख असलेला मनुष्य शोधावा लागे, आणि ज्याची मजुरी आण्यांत मोजली जाई, त्यांतून हजार वर्गणीदार पहिल्या वर्षीं कोठून येणार होते? म्हणजे कोल्हापूरची ती रक्कम नसती तर पत्राचा आरंभच नव्हता. नव्या पत्राची जाहिरात पैसे देऊनहि 'केसरीं'त छापून मिळाली नाहीं, असें चरित्रकारांनीं नमूद केलें आहे. तेव्हां वर्गणीदार मिळविण्याची जी रूढ वाट तीहि बंद. त्याच वर्षीं डॉक्टर शिक्षणाकरितां पुन्हा लंडनास गेले, आणि १९२३ मध्यें पत्र थांबलें. पुढें १९२७ च्या एप्रिलांत 'बहिष्कृत भारत' निघालें. त्याचा संपादक बिनपगारी होता, व अंकाचे चोवीस चोवीस रकाने त्यास एकट्यास भरून काढावे लागत. १९२८ मध्यें त्यांनीं 'बहिष्कृत भारताचें ऋण हें लौकिक ऋण नव्हे काय?' या मथळ्याचा अग्रलेख लिहिला. 'दर्पणा'पासून जें कलम सर्वांनीं संकोचानें गाळलें तें येथें प्रथमच कोणी भर चौकांत मांडलें : आम्ही इतकें केलें, त्याचें देणें समाजाकडे आहे कीं नाहीं? विद्वत्तेनें जगांतील मोठमोठ्या विद्यापीठांत मान मिळविलेल्या मनुष्यास हा प्रश्न विचारावा लागला, आणि तरीहि नोव्हेंबर १९२९ मध्यें पत्र बंद झालें.

धसईसारख्या गांवास मात्र सर्वांत जवळचा दाखला आहे तो 'दीनमित्रा'चा, आणि त्याचें मूळ १८७७ पर्यंत मागें जातें. त्या वर्षीं १ जानेवारीस कृष्णराव भालेकर यांनीं पुण्यास 'दीनबंधु' काढलें. भालेकर हे सत्यशोधक, वाचक शेतकरी-कामकरी. त्या वाचकास वाचून दाखवावें लागे, म्हणजे एका अंकास ऐकणारे पुष्कळ व वर्गणीदार एक. अशा पत्राचा प्रसार जितका वाढतो तितकी त्याची जमा वाढत नाहीं. उलट ज्यानें अंक उसना नेला तोच मोठा भक्त असतो. तीन वर्षें ओढाताण करून भालेकरांस पत्र सोडावें लागलें, व १८८० मध्यें नारायण मेघाजी लोखंडे यांनीं तें मुंबईस नेलें. लोखंडे १८९७ च्या प्लेगांत वारले. पुढें वासुदेवराव बिर्जे, व १९०६ मध्यें त्यांच्या मागें त्यांच्या पत्नी तानूबाई, यांनीं तें चालविलें. संपादकाच्या घरावर घाला पडला कीं पत्र घरांतल्याच दुसऱ्या माणसाच्या खांद्यावर जातें. बाहेरून माणूस आणावयास वेतन लागतें.

भालेकर १९१० सालीं निवर्तले. त्याच वर्षीं २३ नोव्हेंबरास त्यांचे पुत्र मुकुंदराव पाटील यांनीं 'दीनमित्र' साप्ताहिक काढलें, आणि तें नगर जिल्ह्याच्या नेवासें तालुक्यांतील तरवडी या खेड्यांतून चालविलें. मुकुंदराव दत्तक गेल्यामुळें पाटील झाले होते. बापाचें पत्र पुण्यासारख्या शहरांत तीन वर्षांत हातचें गेलें. मुलाचें खेड्यांत १९६७ पर्यंत, म्हणजे मुकुंदरावांच्या मृत्यूपर्यंत, सत्तावन्न वर्षें चाललें. हा फरक कशानें पडला? आम्हांस वाटतें तें असें. शहरांत छापखान्यास भाडें, जुळाऱ्यास शहरी मजुरी आणि संपादकास शहरी संसार. खेड्यांत जागा आपली, अन्न घरचें. ज्या कलमाचे पैसे 'दर्पणां'त शिक्षणखात्यानें भरले, 'केसरीं'त शाळेनें भरले, तें कलम येथें शेतानें भरलें. गैरसोयी होत्याच. कागद तालुक्याहून आणावयाचा, खिळा मोडला तर दुसरा येईपर्यंत त्या अक्षराचे शब्द टाळावयाचे, पावसाळ्यांत टपाल अडलें तर शिळ्या बातम्यांस ताजें तोंड द्यावयाचें, हें खेड्यांतल्या कोणत्याहि छापखान्याच्या नशिबीं आहेच. परंतु गैरसोय व दिवाळें या निराळ्या गोष्टी आहेत. मुकुंदरावांनीं 'कुलकर्णी-लीलामृता'सारखीं पुस्तकेंहि लिहिलीं. भिक्षुकशाही व वतनदार कुलकर्णी यांवर त्यांची लेखणी चाले, आणि ज्यांस टोला बसे ते वर्गणी कशाला देतील? पण शेत ज्याच्या मालकीचें त्यास कोणाची वर्गणी तुटली तरी जिभेस लगाम घालावा लागत नाहीं. लहान पत्राच्या स्वातंत्र्याचा पाया खर्च थोडा असणें हाच आहे, हें तरवडीनें दाखविलें. हल्लीं उलटें झालें आहे. गुळगुळीत कागदाशिवाय अंक काढणें कमीपणाचें वाटतें, आणि मग त्या कागदापायीं ज्याची जाहिरात घेतली त्याच्याविषयीं मौन पाळावें लागतें.

हें सारें ऐकून आमचे शिक्षकमित्र कांहीं वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "माझ्याकडे शेत नाहीं, शाळेचा पगार आहे." आम्हीं म्हटलें, बाळशास्त्र्यांसहि तोच होता. मग त्यांस साने गुरुजींची गोष्ट सांगितली. अमळनेरास प्रताप हायस्कूलच्या छात्रालयांत असतांना गुरुजी मुलांकरितां रोज हातानें लिहून एक दैनिक काढीत. कागद व शाई यांपलीकडे त्यास खर्च नव्हता. वाचक भिंतीपाशीं उभे राहून वाचीत. पुढें गुरुजींनीं छापील साप्ताहिकें काढलीं, १५ ऑगस्ट १९४८ रोजीं 'साधना' काढली; पण रोज लिहिण्याचा हात त्या बिनखर्चाच्या पत्रावर बसला होता.

शिक्षकांनीं वही जवळ ओढली, आणि पेन्सिलीनें दोन कलमें वाढविलीं. 'न येणारी वर्गणी' यापुढें थोडा विचार करून त्यांनीं शंभर लिहिले, मग खोडून दीडशें केले. 'संपादकाचें काम' यापुढें मात्र हात थांबला. "येथें आंकडा काय घालूं?" त्यांनीं विचारलें. आम्हीं म्हटलें, रुपये लिहितां येत नसतील तर तास लिहा. त्यांनीं लिहिलें : रोज दोन तास, रविवार सबंध. तें वाचून त्यांनाच कांहीं वाटलें असावें, कारण समारंभाच्या चहावर त्यांनीं लगेच आडवी रेघ ओढली. नारळ ठेविला.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मुरबाडकडे जाणाऱ्या एस. टी. ची वाट पाहत आम्ही नाक्यावर उभे होतों. ते धांवत आले. पहिले दोन अंक हातानें लिहून शाळेच्या व्हरांड्यांत व नाक्यावरच्या दुकानांत लावावयाचे, आणि छापण्याचें पुढें पाहावयाचें, असें त्यांनीं रात्रींतून ठरविलें होतें. तरीहि वर्गणीचें पावतीपुस्तक त्यांनीं बरोबर आणलें होतेंच. दुकानदाराच्या यंत्रास त्या वेळीं जोडणी मिळेना, म्हणून आम्हीं रोख दिली. पावतीचा क्रमांक एक.